प्रत्येक खोलीत एक रात्र

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "स्वतःचं घर घेतलंस, मग त्यात परकी माणसं कशाला?" तेव्हा मी विषय बदलला. दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून पत्र लिहायला बसले आहे.

पैशांचं आधी सांगते, कारण तुमची खरी काळजी तीच आहे. दोन खोल्यांचं भाडं हप्त्याला हातभार लावेल, पण हिशेब करताना मी ते वर्षाला 12 महिने धरलेलं नाही, 10 महिनेच धरलं आहे. माणूस गेला की खोली साफ करा, रंग द्या, दुसरा माणूस शोधा, यात दिवस जातातच. त्या 10 महिन्यांच्या भाड्यातूनही कर, विमा, वाढलेलं वीज-पाण्याचं बिल आणि दुरुस्ती वजा केली. मग दोन्ही खोल्या सहा महिने रिकाम्या राहिल्या असं समजून बघितलं. तंगी होईल, पण माझ्या पगारात हप्ता भरता येतो. तो भरता आला नसता तर हे घर मी घेतलंच नसतं. मी स्वतः राहणार आणि खोल्या भाड्याने देणार, हे बँकेला आणि विमावाल्यांना आधीच लेखी कळवलं आहे. ते लपवलं आणि उद्या काही जळालं-फुटलं, तर विमावाले दावा नाकारू शकतात. मालकाच्याच स्वयंपाकघरात वावरणारा आणि स्वतंत्र घरात राहणारा भाडेकरू, यांना कायदा पुष्कळ ठिकाणी वेगवेगळं वागवतो. त्यामुळे सही करण्याआधी वकिलालाही विचारून घेतलं.

आता घराविषयी. चौदा घरं पाहिली. दाखवणारा माणूस आधी हॉल दाखवायचा, मग खिडकीतून दिसणारी झाडं. मी मात्र मुख्य दारापाशी उभी राहायची आणि मनात म्हणायची, रात्रीचे अकरा वाजलेत, मी इथली भाडेकरू आहे, कामावरून आले आहे. आता कुणालाही न उठवता माझ्या खोलीत कशी जाऊ? तिथून न्हाणीघरात? एक घर इतकं सुंदर होतं की दोन दिवस डोक्यातून जाईना. पण त्यातल्या मागच्या खोलीत जायचं तर पुढच्या खोलीतूनच जावं लागे. सोडून दिलं. दुसऱ्यात तीन खोल्या आणि न्हाणीघर एकच. तिघांना वीस-वीस मिनिटं धरली तरी सकाळचा एक तास गेला, आणि कामाला निघायची वेळ सगळ्यांची तीच. एका घराचं तळघर फार मोठं होतं, तिथे सहज एक खोली निघाली असती. पण खिडकी छताला चिकटलेली, जेमतेम हातभर. आग लागली आणि जिना धुराने भरला तर आतला माणूस बाहेर येणार कुठून? अशा खोलीचं भाडं मला नको.

घेतलं ते घर दिसायला साधं आहे. दारातून आत आलं की डाव्या हाताला दोन खोल्या आणि त्यांचं न्हाणीघर, मधे स्वयंपाकघर, पार मागे माझी खोली आणि माझं छोटं न्हाणीघर. त्या दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत दोन्हीकडून कपाटं आहेत, त्यामुळे आवाज बराच अडतो. हे चौदा घरांत एवढ्या एकाच ठिकाणी मिळालं.

ताबा मिळाल्यावर सामान लावण्याआधी मी दोन्ही भाड्याच्या खोल्यांत एक-एक रात्र झोपले. आई, तू म्हणशील काय हा वेडेपणा. पण पहिल्या खोलीत रस्त्यावरचा दिवा थेट उशीवर येतो हे तेव्हाच कळलं. दुसरीत फ्रीजची घरघर भिंतीतून ऐकू येत होती, आणि न्हाणीघराचा नळ झटकन बंद केला की पाइप भिंतीवर ठक्कन आपटत होता. पलंगाजवळ फोन लावायला प्लग नव्हता. दिवसा बघून यातलं काहीच कळलं नसतं. जाड पडदे लावले, फ्रीज समोरच्या भिंतीला नेला, प्लंबरकडून पाइप घट्ट बसवून घेतला.

सगळ्यात जास्त खर्च दारांवर झाला, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. जुनी दारं आतून पोकळ होती, कुजबुजसुद्धा ऐकू यायची. भरीव दारं बसवली आणि खालच्या फटीला पट्टी लावली, कारण दार कितीही जड असलं तरी आवाज फटीतून येतोच. कुलपं अशी घेतली की बाहेरून किल्ली लागते, आतून नुसती मूठ फिरवली की दार उघडतं. धुरात कुणी किल्ली शोधत बसायला नको. खोल्यांत आणि बोळात धुराचे अलार्म बसवले, एक वाजला की सगळे वाजतात. गॅसच्या बॉयलरजवळ कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा अलार्म आहे, कारण त्या वायूला वासच नसतो. वायरिंग बघायला इलेक्ट्रिशियन आला तेव्हा कळलं की दोन्ही खोल्या आणि स्वयंपाकघर एकाच सर्किटवर आहेत. 2,000 वॉटचा एक हीटर 230 व्होल्टवर जवळजवळ 9 अँपिअर ओढतो. असे दोन हीटर आणि वर किटली लावली की घर अंधारात. सर्किटं वेगळी करून घेतली. न्हाणीघराला एग्झॉस्ट फॅन बसवला, नाहीतर रोजच्या अंघोळींच्या वाफेने भिंतींना बुरशी धरली असती.

बाबा, एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नव्हती. इथे आले तेव्हा मी ज्या घरात खोली घेऊन राहत होते, तिथले मालक दार न वाजवता आत यायचे. घर त्यांचंच होतं, मी काय बोलणार? आठ महिने मी दाराला खुर्ची लावून झोपले. म्हणून माझ्या करारात पहिलं कलम माझ्यावर आहे: आधी कळवल्याशिवाय आणि दार वाजवल्याशिवाय मी त्यांच्या खोलीत जाणार नाही, आग, पाण्याची गळती असं संकट तेवढं सोडून. मग त्यांच्यासाठीची कलमं: अनामत किती आणि ती कशासाठी कापली जाईल, पाहुणे किती रात्री राहू शकतात, सोडायचं तर किती दिवस आधी सांगायचं, कुठली सफाई कुणाची. खोली देताना दोघांनी मिळून फोटो काढायचे, म्हणजे जाताना वाद नाही.

आई, तुला माणसांची धास्ती वाटते ते समजतं. येणाऱ्या प्रत्येकाला मी तेच प्रश्न विचारते, पगाराचा कागद बघते आणि आधीच्या घरमालकाशी स्वतः बोलते. एकाच भेटीत होकार देत नाही. एका मुलीला खोली आवडली आहे. तिने सगळ्यात आधी विचारलं, "आतून कुलूप लागतं ना?"

ती एक तारखेला यायची आहे. बाबा, कराराचा कच्चा मसुदा सोबत जोडला आहे. तुमची नोकरीच कागद वाचण्यात गेली, तेव्हा लाल पेनाने खुणा करा आणि फोटो काढून लगेच पाठवा. सातवं कलम दोनदा वाचा, अनामत परत करण्याची मुदत तिथे नीट बसलेली नाही असं मला वाटतं.

तुमची,
मनू