टुणुक टुणुकला स्पॅनिशमध्ये काय म्हणायचं?

दांडिया बाजार, बडोदे

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "पन्नाशीला आलास आणि कोंबड्याच्या गोष्टी कसल्या वाचतोस?" मी हसून विषय बदलला, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना.

तुम्ही दादाकडे पुण्याला गेलात आणि इकडे 2024च्या ऑक्टोबरात स्पेनचे पंतप्रधान विमानाच्या कारखान्याच्या उद्घाटनाला आले. सी-295 जातीची 56 विमानं. 16 स्पेनमधल्या सेव्हिलहून तयार यायची होती, 40 आपल्या बडोद्यात जोडायची. आमच्या कंपनीतही आता स्पॅनिश माणसांची ये-जा असते. मोबाइलवर तीन महिने धडे गिरवले, तेव्हा 'मुलगा सफरचंद खातो' एवढं यायला लागलं. समोरचा माणूस सफरचंदाबद्दल कधीच बोलत नाही, ही अडचण.

मग लोककथांचं जुनं पुस्तक मिळालं. डाव्या पानावर इंग्रजी, उजव्या पानावर स्पॅनिश. पहिले आठ दिवस नुसती चोरी केली, डोळा आपोआप डावीकडे जायचा. शेवटी कपाटातली एक लग्नपत्रिका काढून ते पान झाकलं. आता आधी इंग्रजी वाचून गोष्ट समजून घेतो, मग पत्रिका ठेवून स्पॅनिश मोठ्याने वाचतो. त, द, प, क तर आपलेच. इंग्रजांना त्यांच्यासाठी जीभ वळवावी लागते, आपल्याला नाही.

तो कोंबडा मामाच्या का काकाच्या (त्यांच्यात दोघांना एकच शब्द!) लग्नाला निघालेला असतो. वाटेत चोच मळते. गवताला म्हणतो, पूस. गवत म्हणतं, 'नो किएरो', मला नाही पुसायची. मग मेंढीला म्हणतो गवत खा, लांडग्याला म्हणतो मेंढी खा, असं कुत्रा, काठी, विस्तव करत पाण्यापर्यंत. प्रत्येक वेळी मागची सगळी साखळी पुन्हा. 'पिको' म्हणजे चोच आणि काकाचं नाव पेरिको, त्यामुळे वाक्य गाण्यासारखं तोंडात बसतं. एका गोष्टीत 'नो किएरो' इतक्यांदा येतं की पाठ करावंच लागत नाही.

आणखी एक गंमत. 'मे गुस्तान लोस मांगोस', म्हणजे मला आंबे आवडतात. आंबे अनेक म्हणून क्रियापद अनेकवचनी, अगदी आपल्यासारखं. इंग्रजीतून जाणारा इथे अडखळतो, कारण तिथे आवडणारा 'मी' कर्ता. मी उगाच इंग्रजीवरून वळसा घालत होतो. आता पेन्सिलीने ओळींच्या मध्ये मराठी लिहितो. पुस्तक घाण झालंय, बाबा, तुम्हाला बघवणार नाही.

आई, तूही असंच केलंस ना? लग्न होऊन मिरजेहून आलीस तेव्हा शेजारच्या बेननी विचारलं, "नवरा छो?" आणि तू "हो, ऑफिसात गेलेत" म्हणालीस. त्या बिचाऱ्या विचारत होत्या, मोकळ्या आहात का! नंतर दादाचं गुजराती पाठ्यपुस्तक घेऊन, डोक्यावर रेघ नसलेली ती अक्षरं तू दुपारी मोठ्याने वाचायचीस. तेव्हा तुला कोणी विचारलं नाही, या वयात ससा-कासव कशाला.

कामाचा उपयोग म्हणाल तर फार नाही. लांडगा, विहीर, गाढव येतं. बिल आणि सुटे भाग येत नाहीत. पण मागच्या आठवड्यात बैठक लांबली होती, शेवटचा मुद्दा मिटला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'कोलोरीन कोलोरादो, एस्ते क्वेन्तो से आ अकाबादो'. गोष्ट संपली की ते असं म्हणतात, श्रावणात तू 'साठा उत्तराची कहाणी' म्हणतेस तसं. सेव्हिलच्या पिकल्या केसांच्या इंजिनिअरने पेन खाली ठेवलं आणि भराभरा काहीतरी बोलायला लागला. मला त्यातलं फक्त 'आबुएला' कळलं, म्हणजे आजी. नंतर कँटीनमध्ये सेव-उसळ खाताना नाकातून पाणी गाळत त्याने मला दुसरा कोंबडा सांगितला, अर्ध्या अंगाचा. शेवटी तो देवळाच्या शिखरावर वारा दाखवत बसतो म्हणे.

त्याला मी आपली म्हातारी आणि भोपळा कबूल केलाय. एका पानावर मराठी, समोर माझं मोडकं स्पॅनिश. 'तूपरोटी खाईन' इथेच गाडी अडली. तूप म्हणजे 'पातळ करून गाळलेलं लोणी' लिहिलं, तर म्हातारी आजारी वाटायला लागली. शेवटी तूप तूपच ठेवलं. 'टुणुक टुणुक'ही तसंच ठेवणार आहे, वाचू दे त्याला.

पण आई, तुझ्या गोष्टीत आधी कोल्हा भेटायचा की वाघ? बाबा म्हणतात अस्वलही होतं. मला अस्वल आठवत नाही. तू सांगायचीस तशीच्या तशी लिहून पाठव, दादाला टाइप करायला लावू नकोस, तो गाळतो. आणि बाबा, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा, शनिवारी येणाऱ्यांबरोबर भाकरवडी आणि तेल दोन्ही देतो.

तुमचा,
धाकटा