स्कीची जोडी फोडा, स्नोबोर्डला कुलूप लावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बर्फातल्या सहलींवरच्या लेखांत जाकीट कोणते घ्यावे, मोजे किती न्यावेत, गॉगलची काच कशी असावी, हे सगळे असते. दुपारी जेवायला आत जाताना स्की, म्हणजे बर्फावर घसरायला पायांत अडकवायच्या लांब पट्ट्या, कुठे आणि कशी ठेवायची याबद्दल मात्र चकार शब्द नसतो. उपाहारगृहाबाहेरच्या उघड्या रॅकला स्कींची रांग टेकलेली असते, मालक आत बसलेले असतात, आणि कोण कोणती जोडी उचलतो आहे हे विचारायची तिथे पद्धतच नाही. हेल्मेट, गॉगल आणि गळपट्टा चढवलेला माणूस खांद्यावर स्की टाकून निघाला तर त्याच्याकडे कोण बघणार? तिथे सगळेच तसे दिसतात.

स्की नाहीशी होते ती दोन कारणांनी, आणि त्यांची गल्लत केली की उपायही चुकतो. पहिले कारण म्हणजे अदलाबदल. भाड्याच्या स्की एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या, शेजारी शेजारी उभ्या. दमलेला माणूस आपली समजून दुसऱ्याची घेऊन जातो. यात नुसती वस्तू जात नाही. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीवर धरून ठेवणारी पकड, बुटाच्या तळव्याच्या लांबीनुसार मिलिमीटरच्या हिशेबाने सरकवून बसवलेले असते, आणि बूट किती जोर पडल्यावर सुटावा याचा आकडा वजन, उंची, वय आणि स्की करण्याची पद्धत पाहून लावलेला असतो. लांबी बरीच वेगळी असेल तर बूट बसतच नाही आणि चूक जागच्या जागी कळते. जवळपास जुळली तर मात्र माणूस परक्याच्या आकड्यावर उतार उतरू लागतो. आकडा जास्त असेल तर पडल्यावर बूट सुटत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. कमी असेल तर भर वेगात स्की पायातून निसटते.

याला औषध साधे आहे. दोन्ही स्कींच्या पुढच्या टोकाशी, वरच्या बाजूला, भडक रंगाच्या चिकटपट्टीच्या दोन आडव्या रेघा मारायच्या. पट्टी तळाला येता कामा नये, घसरण अडते. आणि ती खोलीत, कोरड्या स्कीवरच लावायची. ओल्या, गार पृष्ठभागावर लावलेली पट्टी पहिल्याच फेरीत सुटते. नाव लिहायचे तर लिहा, फोन नंबरही लिहा, राहत्या खोलीचा क्रमांक कधीच नको.

दुसरे कारण खरी चोरी. ती बहुधा जेवणाच्या वेळी किंवा संध्याकाळी डोंगरावर नेणारी लिफ्ट बंद होताना होते, आणि वाहनतळाजवळचा किंवा बसथांब्याजवळचा रॅक चोराच्या पथ्यावर पडतो. अशा चोराला घाई असते. त्याला जुळलेली, नवी दिसणारी, मोकळी जोडी हवी असते. म्हणून सर्वांत गुणकारी उपायाला दमडीही लागत नाही: जोडी फोडायची. तुमची एक स्की आणि सोबत्याची एक स्की एकत्र अडकवून एका रॅकवर, उरलेल्या दोन पंचवीस-तीस पावलांवरच्या दुसऱ्या रॅकवर. एकट्या स्कीला बाजारात गिऱ्हाईक नसते, आणि भर गर्दीत दुसरी शोधत फिरणारा माणूस डोळ्यावर येतो.

पण इथेही लोक चुकतात. दोघांच्या स्की एकाच मॉडेलच्या आणि एकाच लांबीच्या असतील तर मिसळून काहीच साधत नाही. चोराला आयती पूर्ण जोडी मिळते. भाड्याच्या स्कींच्या बाबतीत हे हमखास होते, तेव्हा आधी स्कीवरचा लांबीचा सेंटिमीटरमधला आकडा बघा. एकाच रॅकच्या दोन टोकांना ठेवणेही फुकट, कारण नजर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला क्षणही लागत नाही. एकटे असाल तर दोन स्की दोन वेगळ्या रॅकच्या खाचांत उभ्या करा. नुसती भिंतीला टेकवलेली एकटी स्की वाऱ्याने पडते, आणि पडलेली स्की कोणीतरी भलेपणाने भलतीकडेच उचलून ठेवतो.

स्नोबोर्ड ही दोन्ही पायांखालची एकच फळी, ती फोडता येत नाही, त्यामुळे त्याला कुलूप हवेच. बारीक पोलादी तारेचे, आकड्यांचे, खिशात मावणारे केबल लॉक मिळते. पुष्कळ जण ती तार बाइंडिंगच्या पट्ट्यातून ओवतात आणि निर्धास्त आत जातात. पट्टा तर बोटाने उघडतो! तार टाचेमागच्या बंद कमानीतून ओवायची, मग रॅकच्या दांड्याभोवती घेऊन कुलपात घालायची. ती कमान बाइंडिंगच्या तळपट्टीला बोल्टने घट्ट असते, आणि बाइंडिंग सहसा चार स्क्रूंनी बोर्डावर आवळलेले असते. ते सोडवायला योग्य मापाचा पेचकस लागतो, वेळ लागतो, आणि खाली वाकून बसावे लागते. चोराला नको असते ते नेमके हेच.

स्कीला ओवायला भोकच नसते. जोडी न फोडता कुलूपच लावायचे तर दोन्ही स्की तळाला तळ लावून ब्रेकमध्ये (सुटलेली स्की थांबवणाऱ्या, बाइंडिंगच्या दांड्यांत) अडकवा आणि तारेचा वेढा बाइंडिंगचा पुढचा भाग आणि टाच यांच्या मधोमध, दोन्ही स्की आणि रॅकचा दांडा यांच्याभोवती, घट्ट घ्या. मग बाइंडिंगचे उंचवटे वेढ्याला वर-खाली सरकू देत नाहीत. वेढा बाइंडिंगच्या बाहेर, टोकाकडे किंवा शेपटीकडे घेतला तर कुलूप न तोडता स्की अलगद ओढून काढता येते. ढिला सोडला तरी तेच. हातातल्या काठ्यांचे पट्टे त्याच तारेत अडकवले तर निदान त्या चुकून कोणी नेत नाही.

दोन-तीन मिलिमीटरची तार चांगल्या पक्कडीने एका दाबात तुटते, हे उघड आहे. हे कुलूप तासाभराच्या जेवणापुरते. रात्री गाडीच्या टपावर त्याच्या भरवशावर काही ठेवू नये. रात्री स्की खोलीत किंवा कुलूपबंद स्कीघरात न्या, आणि नेताना पोलादी कडा फडक्याने कोरड्या करा. ओली स्की पिशवीत कोंबली तर सकाळी कडांवर तांबूस गंज दिसतो.

तीन आकडी कुलपाचे १,००० आणि चार आकडी कुलपाचे १०,००० क्रमांक होतात. कागदावर ठीक आहे. प्रत्यक्षात हातमोज्यांमुळे आळस येतो आणि माणूस शेवटचे एकच चाक एका घराने सरकवून निघून जातो. मग कोणीही तेच चाक मागे-पुढे करून बघतो आणि कुलूप उघडते. सगळी चाके फिरवा. कारखान्यातून आलेला शून्यांचा क्रमांक पहिल्याच दिवशी बदला, आणि बदलल्यावर तार कशातही न अडकवता कुलूप दोनदा लावून-काढून बघा. क्रमांक बदलायची कळ अर्धवट दाबलेली राहिली तर कुलूप भलत्याच क्रमांकावर बसते. तसे झाले तर आधी शेजारचे आकडे करून पाहा.

कुलूप गोठते ते आत शिरलेल्या पाण्यामुळे. वर गरम पाणी ओतले तर थोड्या वेळाने तेही गोठते, फुंकर मारली तर श्वासातली वाफ आत जाते. मुठीत धरून ऊब द्या, आणि एरवी ते जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवा. दाट तेल थंडीत आणखी घट्ट होते, त्यापेक्षा ग्रॅफाइटची पूड बरी.

हल्ली बाइंडिंगखाली ब्लूटूथ टॅग लपवण्याची टूम आहे. तो ओरडून चोर पकडत नाही. जवळून जाणाऱ्या इतरांच्या फोनमार्फत तो आपली जागा कळवतो, त्यामुळे सुनसान वाहनतळावर तो मुका होतो. धातूखाली दडवला तर लहरी दबतात, थंडीत बटण सेलची ताकद घटते, आणि अनोळखी टॅग सोबत फिरत असल्याची सूचना चोराच्या फोनवरही येऊ शकते. ठिकाण दिसले तर ते पोलिसांना द्या; स्वतः दार ठोठवायला जाऊ नका.

घरून निघण्यापूर्वी बिलाचा आणि अनुक्रमांकाचा फोटो काढून ठेवा. हा क्रमांक बाइंडिंगजवळ किंवा कडेच्या पट्टीवर बारीक अक्षरांत असतो आणि झिजत जातो. भाड्याने घेताना चोरीचे संरक्षण घेतले असेल तर त्याच्या अटीही वाचा. कुलूप लावलेले होते का आणि तक्रार नोंदवली का, हे दोन प्रश्न तिथे बहुधा येतातच. तुटलेली तार फेकू नका, पुरावा तोच असतो.

राहता राहिले रिसॉर्टचालक. कॅमेरे दाराशी आणि रॅक इमारतीच्या मागे, अशी मांडणी अनेक ठिकाणी दिसते. रॅक जेवणघराच्या खिडकीसमोर आणा. त्यांचा आडवा दांडा दोन्ही टोकांना वेल्ड केलेला असू द्या. नुसता खाचेत बसवलेला असेल तर तो उचलला की तारेसकट सगळे मोकळे होते. आणि संध्याकाळी लिफ्ट बंद होण्याच्या तासाला वाहनतळाकडे जाणाऱ्या वाटेवर एक माणूस उभा करा.

आपला,
एक वाचक