बेल्ट मिळाला, शपथ राहिली

महोदय,

उन्हाळी सुट्टी लागली की गल्लोगल्ली तायक्वांदो वर्गांचे फलक झळकतात. ‘स्वसंरक्षण, शिस्त, आत्मविश्वास’ हे शब्द फलकावर हमखास असतात. वर्गात मात्र बऱ्याच ठिकाणी नुसत्या किक घोटून घेतात. या कोरियन कलेत नीतीसाठी वेगळा तास लागत नाही, ती सरावातच आहे. गाळली जाते ती घाईमुळे.

सौजन्य, सचोटी, चिकाटी, आत्मसंयम आणि अदम्य वृत्ती ही जनरल चोई होंग ही यांच्या परंपरेतली पाच तत्त्वे. ‘तायक्वांदो’ हे नाव त्यांच्याच पुढाकाराने १९५५ मध्ये ठरले. पत्रकांत ‘दोन हजार वर्षांची कला’ असे छापतात, ती जाहिरात समजावी. चोई स्वतः जपानमध्ये कराटे शिकले होते आणि आजचे तंत्र बरेचसे १९४० ते १९६० दरम्यान कोरियातल्या ‘क्वान’ नावाच्या आखाड्यांत घडले. नीतीची परंपरा मात्र खरोखर जुनी. प्राचीन कोरियातल्या सिला राज्यातल्या वोनग्वांग या भिक्षूने तरुणांना घालून दिलेले पाच नियम असे: राजनिष्ठा, आईवडिलांची सेवा, मित्राशी इमान, रणातून माघार नाही आणि विनाकारण कोणाचा जीव घ्यायचा नाही.

सरावात हे कसे येते? वाकण्यापासून. टाचा जुळवून, हात मांडीलगत ठेवून कमरेतून साधारण १५ अंश वाकायचे. घाईत मुले नुसती मान हलवतात आणि सर तेही चालवून घेतात. सर उलट वाकत नसतील तर मुलांना सौजन्य एकतर्फी असते एवढेच कळते. बेल्ट सैल झाला तर सरांकडे पाठ करून बांधायचा आणि दोन्ही टोके सारखी ठेवायची.

आत्मसंयम कळतो तो एका पावलाच्या सरावात. हल्ला करणारा पाय मागे घेऊन पवित्रा घेतो, ‘किहाप’ अशी आरोळी देतो आणि थांबतो. समोरच्याने आरोळीने होकार दिल्यावरच पाऊल टाकून ठोसा मारायचा. हमखास चूक होते ती इथेच: होकाराआधीच हात सुटतो, बचाव करणारा गोंधळतो, ठोसा लागतो. अशा वेळी ‘चालतं, पुढे’ न म्हणता जोडीला पुन्हा पहिल्यापासून उभे करायला हवे.

स्पर्धेचे नियमही याच विचारावर बेतलेले आहेत. पंचांनी ‘काल्यो’ म्हणजे ‘थांबा’ म्हटल्यावर मारणे, पडलेल्यावर वार करणे, कमरेखाली मारणे या प्रत्येकाला ‘गामजम’ मिळतो, म्हणजे समोरच्याला एक गुण. कौशल्य असून संयम नसला की काय होते, ते २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये जगाने पाहिले. सिडनी ऑलिम्पिकमधला सुवर्णविजेता, क्यूबाचा आंखेल मातोस बाद ठरला आणि त्याने थेट पंचांच्या तोंडावर लाथ मारली. त्याच्यावर आणि त्याच्या प्रशिक्षकावर आजन्म बंदी आली.

चोईंच्या २४ पॅटर्नमागचा, म्हणजे हालचालींच्या ठरलेल्या क्रमांमागचा अर्थ तर बहुतेक मुलांना कोणी सांगतच नाही. ‘जुंग-गुन’मध्ये ३२ हालचाली आहेत. १९०९ मध्ये हार्बिनला जपानी नेते इतो हिरोबुमी यांना गोळ्या घालणारे कोरियन देशभक्त आन जुंग-गुन यांना १९१० मध्ये लुशुनच्या तुरुंगात मृत्युदंड झाला, त्या वेळच्या त्यांच्या कोरियन पद्धतीने मोजलेल्या वयाची ही संख्या. दोन मिनिटांत सांगून होते. ते कळलेले मूल ३१ व्या हालचालीवर कंटाळून हात खाली सोडत नाही.

पालकांनी फी भरण्याआधी वर्गात अर्धा तास बसून पाहावे. वरच्या बेल्टचा मुलगा नवख्यासाठी पॅड धरतो का? किक लागून कोणी पडले तर मारणारा थांबतो का? ‘वर्षात ब्लॅक बेल्ट’ म्हणणाऱ्यांपुढे साधा हिशेब मांडावा: ब्लॅक बेल्टआधीचे दहा गुप म्हणजे टप्पे, प्रत्येकाला किमान तीन महिने धरले तरी अडीच वर्षे होतात. शिवाय कुक्कीवॉन या तायक्वांदोच्या कोरियातल्या मुख्य संस्थेच्या नियमानुसार १५ वर्षांखालील मुलाला ‘दान’ ही ब्लॅक बेल्टची श्रेणी नव्हे, तर ‘पूम’ ही मुलांची श्रेणी मिळते.

विद्यार्थी घेतात त्या तायक्वांदोच्या शपथेत ‘तायक्वांदोचा गैरवापर करणार नाही’ असे वाक्य आहे. जिल्हा संघटनांनी ग्रेडिंगला, म्हणजे बेल्टच्या परीक्षेला, प्रत्येक मुलाला त्यावर एक तोंडी प्रश्न विचारावा, उदाहरणार्थ ‘शाळेत कोणी ढकलले तर पहिले काय करशील?’, आणि त्याचे गुण किकच्या गुणांबरोबर त्याच तक्त्यात लिहावेत.

– एक तायक्वांदो प्रशिक्षक, सोलापूर