सुभेदार काका, थंगराजबद्दल आभार

आदरणीय सुभेदार काका,

सविनय जय भीम.

हे पत्र घरी आणून दिलं असतं, तर तुम्ही चष्मा सापडत नाही म्हणून ते कपाटावर टाकलं असतं आणि मला चहा पाजून वाटेला लावलं असतं. तोंडावर आभार मानलेले तुम्हाला खपत नाहीत, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. म्हणून सगळ्यांना दिसेल असं लिहिते आहे. कोणी ना कोणी वाचून दाखवेलच.

आमच्या शाळेत मुलींची फुटबॉल टीम उभी राहिली, तेव्हा गोलकीपर कोण यावर कोणी डोकं चालवलं नव्हतं. गावात ते ठरलेलंच असतं. जिला पळवत नाही ती गोलात, नाहीतर जी उशिरा आली ती. सातवीतली ती उंच मुलगी (नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही) खरं तर पळण्यात सगळ्यांच्या पुढे होती. तिला गोल मारायचे होते. पण उंची पाहून पोरींनीच तिला मागे ढकललं. शाळेला लागून तुमचं वावर. पऱ्हाटीत डवरा चालू होता, तो थांबवून तुम्ही कुंपणापाशी आलात आणि म्हणालात, "बाई, त्या पोरीले सजा देल्ली का? मंग तोंड पाडून काहून उभी हाय?"

आणि मग तिच्याकडे वळून, "थंगराज बी पह्यले सेंटर फॉरवर्डच खेळे, पोरी. फौजेत गेला अन् गोलात उभा राह्यला."

थंगराज कोण, हे आमच्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं, मलाही नाही. क्रिकेटवाल्यांची नावं आम्हाला तोंडपाठ, आणि आशियातला सर्वोत्तम गोलकीपर ठरलेला माणूस आपल्या देशात होऊन गेला याचा पत्ता नाही. पीटर थंगराज हैदराबादचा. 1953 मध्ये मद्रास रेजिमेंटल सेंटरमध्ये भरती झाला आणि तिथे त्याची जागा बदलली, गोल मारणारा सेंटर फॉरवर्ड गोल अडवायला लागला. त्याच सेंटरने 1955 आणि 1958 असा दोनदा फुटबॉलचा ड्युरँड कप जिंकला. तुम्ही महार रेजिमेंटचे, तुमचं सेंटर सागरचं. पण मद्रासच्या एका जुन्या उस्तादाकडून ऐकलेल्या या गोष्टी तुम्ही इतकी वर्षं जपून ठेवल्यात, हे मला आजही नवल वाटतं. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला त्या संघात तो होता, 1960 च्या रोमलाही होता. सैन्यदलांच्या सर्व्हिसेस संघाने राज्यांच्या संघांमधली संतोष ट्रॉफी पहिल्यांदा जिंकली तेव्हा कर्णधार तोच. पुढे कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंग, मोहन बागान, ईस्ट बंगाल या तिन्ही मोठ्या क्लबांकडून खेळला आणि 1967 मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. हे सगळं तुम्ही कधी ओळीने सांगितलं नाहीत. तुकड्या-तुकड्यांत, कधी कडुनिंबाखाली, कधी बैलांना पाणी पाजता पाजता. वहीत तारखा लावत बसायचं काम माझं.

पण नुसत्या गोष्टींनी कोणी गोलकीपर होत नाही. सुतळीचा तो दिवस मला लख्ख आठवतो. दोन बांबू रोवलेले, मध्ये बरोबर चोवीस फूट, तुम्ही पावलांनी नव्हे तर टेपने मोजलेले. आडवा बांबू आठ फुटांवर. दोन्ही बांबूंना तुम्ही एकेक सुतळी बांधलीत आणि दोन्ही सुतळ्यांची टोकं समोर चेंडूपाशी बसलेल्या मुलीच्या हातात दिलीत. आमची ही उंच पोर गोलच्या रेषेवर. हात पसरले तरी दोन्हीकडच्या सुतळ्या तिच्यापासून हातभर लांब. "चार पावलं पुढं ये," तुम्ही म्हणालात. ती पुढे आली तशा सुतळ्या जवळ जवळ सरकल्या आणि दोन्ही कोपरांना टेकल्या. "आता बॉलले कोठून जागा दिसते, सांग." ती हसली. पहिल्यांदाच हसली त्या जागेवर. मग तुम्ही तिला आणखी पुढे बोलावलंत, चेंडू अलगद तिच्या डोक्यावरून मारलात आणि एक शब्द न बोलता डवऱ्याकडे निघून गेलात. मी भूमितीत कोन शिकवते. तो त्या दिवशी मुलींना जितका कळला, तितका फळ्यावर कधी कळला नसेल.

काळ्या मातीत उड्या कशा मारायच्या, हा दुसरा पेच. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात चिखल पायाला किलोकिलोने चिकटतो. सोयाबीनचं कुटार टाकून पाहिलं, तर पोरी रात्रभर अंग खाजवत बसल्या. शेवटी तुम्ही नाल्याची रेती आणून टाकलीत. हातमोजे आर्णीला मिळेनात, ते यवतमाळहून आणलेत. पैसे विचारले तर "पेन्शन कायच्यासाठी हाय?"

आणि हेही इथेच सांगते की वेचणीच्या दिवसांत पोरी शाळेतच येत नाहीत, तर मैदानावर कुठून येणार. तेव्हा घरोघरी जाऊन तुम्ही आयांशी बोललात. मी बोलले असते तर "बाई, तुम्हाला काय जातं" असं ऐकावं लागलं असतं, आणि त्यात त्यांचं फारसं चुकलंही नसतं. तुमचाही कापूस वेचायचा होता, म्हणून तुमचं ऐकलं. वेचणीच्या आधी, दिवस उगवता उगवता तासभर सराव, असा तोडगा निघाला.

तुमचा लाडका भाग जकार्ताचा. 1962 चे आशियाई खेळ. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून 0-2 अशी हार. थंगराज तापाने फणफणलेला, त्याच्या जागी प्रद्युत बर्मन गोलात. जर्नेलसिंगच्या डोक्याला सहा टाके. इस्रायल आणि तैवानला बोलावलं नाही यावर भारताच्या प्रतिनिधीने आक्षेप घेतलेला, त्यामुळे तिथले लोक आपल्यावर चिडलेले. अंतिम सामना पुन्हा त्याच कोरियाशी, मैदानात लाखभर माणूस आणि तो सगळा आपल्या विरुद्ध ओरडणारा. प्रशिक्षक रहीमसाहेबांनी थंगराजला परत आणलं. पी. के. बॅनर्जी आणि पट्टी बांधलेला जर्नेल, दोघांनी वीस मिनिटांतच एकेक गोल केला. आपण 2-1 ने जिंकलो, सुवर्णपदक.

लोक ही कथा सांगतात तेव्हा ते दोन गोल सांगतात. तुम्ही मात्र तो तिसरा, शेवट शेवट कोरियाने केलेला, कधी गाळला नाहीत. सोन्याच्या सामन्यातही थंगराजने गोल खाल्ला, हे तुम्ही इतक्या सहज सांगायचात की पोरींना त्यात लाजण्यासारखं काही वाटेना. "गोल तं होतेच. झाला का बॉल उचलाचा अन् सेंटरले फेकाचा. रडाचं असन तं घरी जाऊन रडाचं." माझ्या मते तुम्ही शिकवलेल्यातलं सगळ्यात मोलाचं हेच. उड्या मारायला दुसऱ्या कोणीही शिकवलं असतं.

तालुक्याच्या स्पर्धेत आम्ही हरलो, ते तुम्हाला माहीतच आहे. एका गोलाचा हिशेब मात्र तुमच्याकडे लागतो, रागावू नका. थंगराजच्या काळात आपल्याच गड्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलकीपर खुशाल हाताने उचलायचा. तो नियम 1992 मध्ये बदलला आणि तुम्ही शिकवलंत जुनंच. आमच्या उंच पोरीने तसा चेंडू उचलला, पंचांनी शिट्टी मारली, फ्री किक दिली आणि त्यावर गोल झाला. तिने चेंडू उचलला, सेंटरला फेकला आणि "चला गं" म्हणून ओरडली. रडली नाही. टेम्पोत परत येताना तिनेच तुम्हाला नवा नियम समजावला आणि तुम्ही शिपायासारखं ऐकून घेतलंत.

त्यानंतर मुलींनीच शोधून काढलं की बाईमाणसंही भारताच्या गोलात उभी राहिली आहेत. अदिती चौहान 2015 मध्ये इंग्लंडला वेस्ट हॅमकडून खेळली, आणि 2025 मध्ये तिने निवृत्ती घेतली. हे त्यांनी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही नाव दोनदा विचारून घेतलंत आणि डायरीत थंगराजच्या पानावरच लिहिलंत. ते मी पाहिलं, बरं का.

थंगराज खेळ संपल्यावर बोकारोला पोरांना शिकवत राहिला आणि 2008 मध्ये तिथेच गेला, हे तुम्ही एकदाच सांगितलंत आणि विषय बदललात. मीही तो वाढवत नाही.

आता कामाचं. वर्गणीतून जाळी आली आहे. ती बांबूला कशी बांधायची यावर शाळेत तीन मतं आहेत आणि तिन्ही चुकीची वाटतात. उंच पोरगी आठवीसाठी आर्णीला जाते, पण रविवारी येते. तिच्या जागी आता पाचवीतली एक तयार झाली आहे, अगदी बुटकी, आणि तिला दुसरीकडे कुठे खेळायचंच नाही. तिला काय शिकवायचं ते तुम्हीच ठरवा. रविवारी सकाळी या, सुतळी आहे आमच्याकडे.

आपली,
शाळेतली गणिताची बाई