पिण्याच्या पाण्याच्या नळीला शिशाचा डाख नको

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

मुंबईत बहुतेक घरांतल्या नळ्या जीआयच्या (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाच्या), नाहीतर सीपीव्हीसी या प्लास्टिकच्या. पण आमच्या माहीमच्या इमारतीसारख्या काही जुन्या इमारतींत स्वयंपाकघरातली लाइन अजून तांब्याची आहे. तिचा गेट व्हॉल्व्ह (पाणी बंद-चालू करायचा कॉक) गळू लागला की प्लंबर सगळी लाइनच उखडायला सांगतात. तशी काही गरज नसते. मी नोकरीभर एसीच्या तांब्याच्या नळ्या जोडल्या, त्यामुळे घरचा व्हॉल्व्ह मीच बदलला. पण डाखाची, म्हणजे जोड सांधायच्या सोल्डरची, तार घ्यायला नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात गेलो, तर दुकानदाराने रेडिओ-टीव्हीच्या कामाची तार पुढे केली. साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसे! ‘‘सगळे प्लंबर हीच नेतात, काका,’’ असे तो म्हणाला. म्हणून हे पत्र.

काम तसे सरळ आहे. गच्चीवरचा कॉक बंद करून लाइन रिकामी करायची, नळीचे टोक पॉलिश पेपरने लख्ख घासायचे, फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून लावायचा लेप) लावायचा. नवा बॉल व्हॉल्व्ह नळीवर बसवून पूर्ण उघडा ठेवायचा. ज्योत जोडावर धरायची, तारेवर नाही. जोड तापला की डाख आपसूक फटीत ओढला जातो. नळीत पाणी राहिले तर मात्र जोड तापतच नाही. पाणी आहे तोवर तांबे शंभर अंशांपाशीच अडते. अशा वेळी पावाचा मऊ गर आत कोंबावा; तो थेंब अडवतो आणि नंतर पाण्याबरोबर निघून जातो.

शिशाची तार १९० अंशांच्या आसपास वितळते, कथील-चांदीची बिनशिशाची २२१ अंशांना. हा तीसेक अंशांचा फरक ज्योतीला कळतही नाही. बिनशिशाची तार महाग आहे, हे खरे; पण एका जोडाला ती लागते बोटभर.

मुंबईत टाकीतून आलेले पाणी रात्रभर नळीत उभे असते आणि शिसे उतरते ते अशाच साचलेल्या पाण्यात. आपल्या आयएस १०५०० या मानकात पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम इतकी कडक आहे. मुलांच्या मेंदूला शिशाहून वाईट धातू क्वचितच असेल. अमेरिकेने पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांना शिशाचा डाख १९८६ मध्येच बंद केला. आपल्याकडेही घरगुती रंगांतल्या शिशावर २०१६ च्या नियमांनी ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आली. भिंतीच्या रंगाची एवढी काळजी, मग पोटात जाणाऱ्या पाण्याची का नको?

दुकानदारांनी बिनशिशाची तार वेगळी, ठळक चिठ्ठी लावून ठेवावी. सोसायट्यांनी दुरुस्तीच्या कंत्राटात तिची अट घालावी. आणि ज्यांच्या घरी असे जुने जोड आहेत, त्यांनी सकाळचे पहिले पाणी लादी पुसायला वापरावे, प्यायला भरू नये. स्वयंपाकाला गीझरचे पाणी तर मुळीच घेऊ नये; गरम पाण्यात शिसे अधिक उतरते.

आपला,
एक निवृत्त फिटर, माहीम