उट्रेख्तमधलं माझं सायकलचं दुकान

उट्रेख्त,
रविवार

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

सायकल बिघडली की काय करतेस, असं तुम्ही विचारलंत. फोनवर ते धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

इथे नेदरलँड्समध्ये माणसांपेक्षा सायकली जास्त. आमच्या स्टेशनखालच्या स्टँडमध्येच साडेबारा हजार सायकली मावतात आणि पहिले २४ तास फुकट. माझी सायकल जुनी, काळी, उंच दांड्याची. तिच्या टायरवर ४०-६३५ लिहिलंय, म्हणजे २८ बाय दीड, अगदी तुमच्या अ‍ॅटलस सायकलचंच माप!

घराजवळच्या दुकानाचे मालक साठीचे आहेत. इथे मजुरी महाग, साध्या पंक्चरला पंधरा-वीस युरो सहज जातात. पण ‘मीच काढते’ म्हटलं की ते नाराज होत नाहीत. ठिगळं, सोल्युशन आणि पॉलिश पेपर काउंटरवर ठेवतात आणि कसं करायचं तेही सांगतात. मागच्या चाकाला बंद चेनकव्हर, हबमधले, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातले, गिअर आणि उलटं पेडल मारून लागणारा ब्रेक असतो. हे सगळं सोडवत बसलं तर तास जातो. म्हणून चाक न काढताच टायरची एक कड उचलून ट्यूब बाहेर ओढतात, पाण्यात बुडवून बुडबुडे बघतात. आपल्या चौकातला पंक्चरवालाही असंच करतो, म्हणून मला ते लगेच जमलं.

चेन बदलायला गेले तेव्हा त्यांनी आधी पोलादी पट्टी काढली. नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. त्यापेक्षा एक अष्टमांश इंच वाढल्या, तर चेन संपलीच आणि बहुतेक मागच्या चक्राचे दातेही झिजलेले असतात. माझी तेवढी वाढली नव्हती. ‘अजून चालेल, तेल घाल,’ म्हणाले आणि काही न विकता मला परत पाठवलं. अशा दुकानाशी मी कायमची बांधली गेले. ट्यूबपासून ब्रेकशूपर्यंत सगळं तिथूनच घेते, दुसरीकडे चार पैसे स्वस्त मिळालं तरी.

शनिवारी जवळच्या हॉलमध्ये ‘रिपेअर कॅफे’ भरतो. मार्टीन पोस्टमा या बाईंनी २००९ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये पहिला भरवला, आता कितीतरी देशांत भरतात. तिथली मंडळी वस्तू ठेवून घेत नाहीत, तुमच्या शेजारी बसून तुमच्याकडूनच दुरुस्त करून घेतात. चाकाचा आउट काढायला, म्हणजे वाकडं फिरणारं चाक सरळ करायला, मी तिथेच शिकले. चाक डावीकडे घासत असेल तर त्या जागच्या उजव्या तारा पाव-पाव फेरा आवळायच्या, डाव्या तेवढ्याच सैल करायच्या, आणि दर वेळी चाक फिरवून बघायचं. घाई केली की रिम अंड्यासारखी होते. हात काळे होतात, पण चाक सरळ फिरायला लागलं की जो आनंद होतो तो पगाराच्या दिवशीही होत नाही.

इथे व्हॉल्व्हही आपल्याच जातीचा. फक्त आत रबरी व्हॉलट्यूब नसते, त्यामुळे हवा भरायला जोर कमी लागतो. तो तुमच्या ट्यूबला बसतो, चार-पाच पाठवते. आणि तुमची चेन पट्टीने मोजून माप कळवा. जास्त भरली तर इतक्यात बाहेर लांब नेऊ नका, आणि बदलताना फ्रीव्हीलचे दातेही बघून घ्यायला सांगा.

आईला नमस्कार.

तुमची,
मनू