म्हाताऱ्या ड्रायव्हरवर हसा, पण घाट खरा दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उतारवयाचा ट्रकड्रायव्हर नायक असलेल्या विनोदी प्रवासपटांत एक प्रसंग हटकून असतो. घाटात ब्रेक फेल होतो, म्हातारा पॅडलवर पाय आपटत राहतो, क्लीनर किंचाळतो आणि थिएटर हसते. मानपूरच्या पुढचा, अपघातांसाठी कुप्रसिद्ध गणेश घाट ठाऊक असलेल्या इंदूरकरांना तरी हे खटकायला हवे.

हवेच्या दाबावर चालणारे एअरब्रेक असे जात नाहीत. अवजड ट्रकमध्ये हवा पूर्ण गेली, तर मागच्या चाकांचे स्प्रिंगब्रेक (हवेच्या दाबाने रोखून धरलेल्या स्प्रिंगचे ब्रेक) आपोआप लागतात आणि गाडी अडते. उतारावर गाडी बेलगाम सुटते ती बहुधा तापलेल्या ब्रेकड्रममुळे, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ज्या लोखंडी डब्याला ब्रेकचे लायनर आतून घासतात त्याच्यामुळे. वरच्या गिअरमध्ये, किंवा डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडली की सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड जाते. मग पॅडल मारत राहिले तर टाकीतली हवाही संपते, आणि तापल्या ड्रमवर स्प्रिंगब्रेकही नीट पकडत नाहीत. शिवाय न्यूट्रलमध्ये डिझेल वाचते हा गैरसमजच. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गिअर ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधन बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला ते लागतेच.

मुरलेला ड्रायव्हर उतार लागण्याआधीच गिअर खाली घेतो, साधारण चढाला लागेल तोच. वेग वाढल्यावर खालचा गिअर पडत नाही. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी हळू करणारा) चालू ठेवतो. पॅडलवर पाय टेकवून ठेवत नाही. ठाम दाबून वेग उतरवतो आणि सोडतो. खाली आल्यावर तापल्या ड्रमवर पाणी ओतू देत नाही, कारण ड्रमच्या बिडाला (ओतीव लोखंडाला) तडा जातो. सपाटीवर चाकाखाली दगड लावतो आणि जोडटायरवर टॉमी (लोखंडी दांडा) मारून आवाजावरून हवा ओळखतो.

खरा विनोद इथे भरपूर आहे: मागे हॉर्नचा कल्लोळ, घाईला आलेला पोरगेला क्लीनर, आणि दुसऱ्या गिअरमध्ये रांगत कुणाचेही न ऐकणारे काका.

डुलकीचे विनोदही वयाच्या माथी मारू नयेत; डुलकीमागे कामाचे लांब तास आणि केबिनमधला उकाडाही असतो. १९६१ च्या मोटर परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तास काम आणि ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती ठरवली होती. वातानुकूलित केबिन सक्तीची झाली ती १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांना. पडद्यावरचा जुना ट्रक मे महिन्यात भट्टीसारखा तापतो, हेही कथेत येऊ द्या.

आपल्या चित्रपट-समीक्षकांनी असे प्रसंग नुसते 'धमाल' म्हणून सोडून न देता त्यातली चूक दाखवून द्यावी, ही विनंती.

— एक वाचक, रामबाग, इंदूर